बोटांवरचे पाप

त्या सकाळी कारा-झोन गावच्या सांस्कृतिक भवनासमोर इतकी माणसे जमली होती, की घोडे बांधायला कुंपण पुरेना. भवनात ओळखपत्रांच्या चौकशीसाठी संसदेची तिघांची समिती बसणार होती, पण गर्दी समितीसाठी नव्हतीच. ती होती अंगणातल्या पांढऱ्या नमद्याच्या, म्हणजे लाटलेल्या लोकरीच्या, तंबूपुढे. आत एसेनकुल बाबा गात होते. तंबूतून बाहेर पडलेला माणूस थेट पडवीत जाई, ओळखपत्राच्या यंत्रावर बोट ठेवी आणि हिरवा दिवा लागे. लोक दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून शुकर म्हणत. का नाही म्हणणार? हीच बोटे याच यंत्राने चार-चार वेळा नाकारली होती.

बाबांचा गळा गोड होता, हे मी नाकारणार नाही. अल्लाचे नाव कोणी सुरात घेऊ लागले, की हातचे काम टाकून बसणारा मी माणूस. दोन दिवस मीही तंबूच्या दाराशी बसून डोळे पुसले. म्हणूनच पुढचे सांगताना जीभ कडू होते.

बाबा सांगत, की बोटांवरच्या रेषा ही फरिश्त्यांची लिखावट. माणूस चोरून पाप करतो, तेव्हा ती पुसली जाते. “मी गातो, फरिश्ते पुन्हा लिहितात.” दर माणशी एक मेंढी. फरिश्ते फुकट लिहीत नसावेत.

पहिल्याच दिवशी आलेल्या सायराकान आपांनी मेंढी दिली नाही. अडुसष्ट वर्षांची ही बाई नमदे करण्यात साऱ्या खोऱ्यात पहिली. तिने लोकरीचे गाठोडे पुढे केले आणि हेच आहे म्हणाली. बाबांनी दोन ओळी म्हटल्या, तिचे हात झऱ्याच्या पाण्यात बुडवले आणि तिला यंत्राकडे धाडले. लाल दिवा. तीनदा लाल.

त्या दिवसापासून बायकांनी तिला नमद्याला बोलवणे बंद केले. आमच्याकडे नमदा एकटीने होत नाही. आठ-दहा जणी शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून कोपरांनी तो लाटतात. त्यांत एकीच्या हातात पाप असले, तर नमदा फाटेल, अशी कुजबुज झाली. सीमेपलीकडे तिची लेक बाळंतपणाला टेकली होती, आणि ओळखपत्राशिवाय सीमा ओलांडता येत नव्हती. पण मला विचाराल तर तिला सीमेपेक्षा ती कुजबुज जास्त लागली होती.

समितीसमोर उत्तरे द्यायला नोंदणी खात्याच्या बुरुल शामशीयेवा आल्या होत्या. मधल्या खुर्चीतले खासदार आल्दाशेव मोठ्या मजेत होते. त्यांनी कागद वर धरला.

“बाई, चार महिन्यांत तुमच्या यंत्रानं तीनशे बारा माणसं परत पाठवली. एका फकिरानं अकरा दिवसांत त्यातली दोनशे नव्वद पास केली. मग पगार तुम्हाला द्यायचा की त्याला?”

सभागृह हसले. दुसऱ्या खासदारांनी तर बाबांना सगळ्या प्रांतांत फिरवावे, सरकारी जीप द्यावी, असे सुचवले आणि कारकुनाने ते लिहूनही घेतले. तिसरे म्हातारे खासदार चहा पीत राहिले.

बुरुलबाई उभ्या राहिल्या. पहिली चूक खात्याचीच, असे त्यांनी सांगून टाकले. शहरातल्या मऊ बोटांवर शिकवलेली पोरे आम्ही डोंगरात पाठवली. राखेचा साबण, कढत पाणी आणि लोकर यांत चाळीस वर्षे घासलेले हात त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. असे बोट कोरडे आणि भेगाळ असते, काचेला नीट टेकत नाही, आणि रेषा असून यंत्राला दिसत नाहीत.

“पापाचा रकाना आमच्या अर्जात नाही, साहेब.”

“मग बाबांकडून आल्यावर कशा दिसतात?”

“ते बघायलाच मी डोक्याला रुमाल बांधून दोन दिवस तंबूत बसले होते.”

सभागृहाच्या दाराशी बाबा आले होते, ते थबकले.

बाईंनी जे पाहिले, ते तिथे बसून मीही पाहिले होते. फरक इतकाच, की मी गाणे ऐकत होतो. दुआ चालू असताना आमच्यात तळवे उघडे धरतात. मेंढी देणाऱ्यासाठी दुआ अर्धा तास चाले, आणि उघड्या तळव्यांखाली कढईतून वाफ येत असे. मग मेंढीच्या शेपटीची कोमट चरबी चोळून हात फडक्याने पुसत. मेंढी न देणाऱ्याला दोन ओळी आणि बर्फासारखे पाणी.

बाईंनी यंत्र टेबलावर मागवले आणि आल्दाशेवांना बोट ठेवण्याची विनंती केली. हिरवा. मग राखेचा साबण लावून त्यांचे हात झऱ्याच्या पाण्यात पाच वेळा धुतले आणि कोरडे पुसले. लाल. पुन्हा ठेवले, पुन्हा लाल.

“साहेबांचं पाप नोंदवू,” बाईंनी शांतपणे विचारले, “की हात गार पडलाय असं लिहू?”

“हात गार पडलाय असं लिहा,” आल्दाशेव म्हणाले. म्हातारे खासदार पहिल्यांदाच हसले.

मग सायराकान आपांना पुढे बोलावले. चहाच्या किटलीतले कोमट पाणी, चिमूटभर चरबी, एक फडके. गाणे नाही, दुआ नाही, मेंढी नाही. पहिल्या बोटांना हिरवा दिवा लागला. डाव्या अंगठ्याला तो काही केल्या लागेना. अंगठा दोनदा भिजवावा लागला, आणि तिसऱ्या खेपेला दिवा लागला.

बाबा सावरून पुढे आले. चरबीत गुणही अल्लानेच घातला, असे म्हणाले. काही माना डोलल्याही.

“खरं आहे,” बुरुलबाई म्हणाल्या. “मग तुम्ही मेंढी कशाची घेतलीत?”

यावर बाबा गाऊ लागले. पुढच्या रांगेत दोघांनी सवयीने तळवे उघडले आणि आजूबाजूला बघून मिटले.

आपांनी आभार मानले नाहीत. त्या बायकांकडे वळल्या.

“माझं कुठलं पाप वाटलं होतं गं तुम्हाला? नाव तरी सांगा.”

 शेवटी शेजारची कालीपा खाली बघत म्हणाली, “उद्या लोकर भिजवतोय, आपा. या.”

“येईन. आधी उत्तर दे.”

 तो सवाल मलाही होता. मी पुरुषांच्या रांगेत होतो म्हणून वाचलो, इतकेच.

तेव्हा बाबांनो, बायांनो, गाणे ऐकावे, मन भरून ऐकावे. मी आजही ऐकतो. पण गाणारा जेव्हा एखाद्याला पापी ठरवतो, तेव्हा डोळे पुसून जरा त्याच्या हातांकडे बघा. कढईत काय आहे ते विचारा. एकाला वाफ आणि दुसऱ्याला बर्फ का, ते विचारा. एवढे विचारल्याने अल्ला रागावत नाही. रागावतो तो फकीर, आणि त्याला खुशाल रागावू द्या. आम्ही अकरा दिवस विचारले नाही, आणि तेवढे दिवस एक निरपराध बाई आपलेच हात बाह्यांत लपवून गावात फिरत होती.