अकरावीच्या दारावरची पाटी

मित्रांनो, वर्गात शिरताना तुम्ही कधी वर बघत नाही, म्हणून आधी माझी ओळख मीच करून देते. दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगलेली पत्र्याची पाटी असते ना, ती मी. वय तिशीच्या पुढे. आर्णी तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात, तेलाच्या रिकाम्या डब्यातून माझा जन्म झाला. चित्रकलेच्या नीळकंठ सरांनी डबा कापला, पत्रा ठोकून सपाट केला, काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'इयत्ता ८ वी ब'. सर तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते. जो तो म्हणे, "वा, अक्षर काय सुरेख आहे!" मी आपली फुगून बसले.

पुढे वर्ग वाढले, घटले, इकडचे तिकडे झाले. कधी माझ्यावर पाचवी आली, कधी दहावी. दर वेळी सरांनी जुन्या रंगावर नवा चढवला. मग एक तुकडी बंद पडली आणि मला खाली काढलं. चार वर्षं मी खिचडीच्या खोलीत तांदळाच्या टाकीवर झाकण म्हणून काढली. माझ्यावर ओले डाव ठेवायचे हो! एक कोपरा गंजला तो तिथेच. त्याचा राग मला अजून आहे, उगाच कशाला लपवू?

यंदा मात्र माझे दिवस पालटले. नव्या पद्धतीत नववी ते बारावी हा एकच टप्पा धरतात. आजवर आमची मुलं दहावी झाली की अकरावीला एसटीनं आर्णीच्या कॉलेजात जायची. त्या कॉलेजानं अकरावी-बारावी सोडायचं ठरवलं आणि अकरावी आमच्या शाळेला मिळाली. मुख्याध्यापिका सुचित्रा मॅडमनी पेढे वाटले. नीळकंठ सरांनी मला शोधून काढलं, घासलं, रंगवलं. त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष राहिलेलं, त्यामुळे हात अगदी सैल सोडला. 'कनिष्ठ महाविद्यालय' हे मोठ्ठ्या अक्षरांत, खाली बारीक 'इयत्ता ११ वी' आणि चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी.

"आपण आता कॉलेज झालो मॅडम," सर म्हणाले, "लोकायले दुरून दिसलं पाहिजे."

मॅडम हसल्या. मीही पुन्हा फुगले, कबूल करते. तिथेच चुकलं.

प्रवेशाची मुदत संपायला एक दिवस उरला होता, तेव्हा राखी आली. शाळेपासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली ही मुलगी. याच शाळेतून दहावीला ब्याऐंशी टक्के. सोबत तिचे वडील रामधन, हातात कागदांची पिशवी. त्यांनी दाराशी चपला काढल्या, सहज वर बघितलं आणि एकेक अक्षर जुळवत मला वाचलं.

"हे त कॉलेज हाय," ते म्हणाले.

"बाबा, आपली शाळाच हाय ना!"

"मले वाचता येते. महाविद्यालय लिहेल हाय. समद्यांसमोर शब्द देल्ला मी, अन् आता माह्याच पोरीले कॉलेजात घालू? तांड्यात तोंड कसं दाखवू?"

त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. हा शब्द कसला, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आर्णीहून येणारी बस आलीच नाही. अकरावीला जाणाऱ्या तांड्याच्या चार मुली अंधार पडेपर्यंत स्टँडवर ताटकळल्या. घरच्यांचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी तांडा एकत्र बसला आणि तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, देवसिंग यांच्यासमोर ठरलं: पोरी शाळेत जातील, कॉलेजात नाही. पहिला हात रामधनचा वर गेला, कारण त्या चौघींत त्यांची पुतणी बबिता होती. तांड्यात सगळ्यांसमोर दिलेला शब्द कोणी आपल्या सोयीनं मोडत नाही.

राखी दारातच रडत उभी राहिली. मला इतकी लाज वाटली की खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं.

"सर, एवढं मोठं लिहायची काय गरज होती हो?" मॅडम वैतागल्या.

सर बिचारे टर्पेंटाइनची बाटली घेऊन धावत आले. "दोन मिनिटांत पुसतो. नुसतं अकरावी ठेवतो."

राखीनं डोळे पुसले. "नका पुसू, सर. उद्या कोनी म्हनन, रामधननं पाटी पुसून पोरगी कॉलेजात घातली. ते नाही पाहिजे. मले पाटीच द्या."

मग काय, आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेबाहेर पडले. राखीनं मला काखेत धरलं आणि वीतभर वाढलेल्या पऱ्हाटीमधल्या, म्हणजे कपाशीतल्या, पायवाटेनं तांड्यावर नेलं. सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर देवसिंग आणि चार मंडळी बसली होती. रामधनही तिथेच होते. राखीनं मला त्यांच्यापुढे टेकवून ठेवलं. तांड्यात आपसात गोर बोली चालते. मला ती पुरती येत नाही, म्हणून कळलं तेवढं माझ्या भाषेत सांगते.

"दादा, वाचा," ती नायकाला म्हणाली. "कॉलेजच हाय, मले लपवाचं नाही. पन बस कुठी हाय सांगा. हे पाटी आपल्याच शाळेच्या दारावर हाय. तुमी तवा कायले भेले होते, एसटीले का अकरावीले?"

देवसिंगांनी मला उचललं आणि पुढून-मागून बघितलं.

"सुट्टी किती वाजता होते?"

"पाच वाजता. आठवी-नववीच्या पोरी येतात, त्यायच्याच संग येईन."

"रामधन, पयला हात तुहा होता. आता तूच बोल."

"मी एसटीले भेलतो, दादा," रामधन म्हणाले. "पोरीच्या शिकण्याले नाही."

देवसिंगांनी मान डोलावली. "मंग जाऊ दे तिले."

राखीचा चेहरा असा काही उजळला! मी पण मनात म्हटलं, सुटले बुवा. तेवढ्यात मागून आवाज आला. बबिता होती. अर्ध्यातून अकरावी सुटलेली, आता एकोणीस वर्षांची.

"काका, मंग माह्यं काहून बंद केलं होतं?"

रामधनची मान वर होईना. त्या मुलीच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. सकाळी रामधन मला स्वतः घेऊन आले, खिळ्यावर नीट टांगलं आणि मॅडमना म्हणाले, "फारम दोन द्या." मॅडमनी बबिताला मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं आणि तिचं नाव नोंदवून घेतलं. आता ती राखीशेजारी बसते. बाकीच्यांपेक्षा मोठी दिसते, म्हणून अजून थोडी अवघडते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. वर्षातून एकदा फडकं मारा, गंजू देऊ नका. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कोणासाठी एखादं दार बंद करायचं ठरवलंत, तर का बंद केलं ते लक्षात ठेवा, आणि कारण सरलं की आपण होऊन उघडा. एखाद्या पोरीनं पाटी उचलून आणेपर्यंत वाट बघू नका. सरांनी माझ्यावर कितीही सुंदर अक्षरं काढली, तरी बबिताची तीन वर्षं त्यांना परत लिहिता येणार नाहीत.