शिवकन्याबाईंच्या चपला

राजानंद टीव्हीवर अकरा वर्षांत किती वेळा मेला, ते आष्टीत फक्त मला विचारा. चार वेळा. दोनदा गोळीनं, एकदा दारूनं, एकदा सुनेनं घातलेल्या विषानं. सात वेळा फौजदार झाला, पाच वेळा नायिकेचा मामा. कापड दुकानात बसून मोजायचं तरी काय? मीटर आणि माणसं.

हा गडी घडवला सर्जेराव सरांनी. शाळेच्या पत्र्याच्या शेडात नाटकं बसवायचे. "संवाद नंतर पाठ कर, आधी माणूस पाठ कर," हा त्यांचा धडा.

सरांचं घर माझ्या दुकानासमोर. त्यांच्या बायकोला, शिवकन्याबाईंना, एकदा चपलेतला विंचू चावला. तेव्हापासून सर रोज सकाळी बाईंच्या चपला एकमेकींवर झटकून उंबऱ्यापाशी सरळ मांडून ठेवत. मी चिडवायचो, "सर, शाळेत मास्तर अन् घरी शिपाई का?"

"शेठ, तुम्ही कापड मोजा," ते म्हणत.

बाई गेल्या त्या दिवशी तिरडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि सर एकटेच मागं फिरले. चपला झटकल्या, सरळ मांडल्या, मग निघाले. पाहणारा मी एकटा. पुढंही रोज सकाळी त्या चपला झटकल्या जायच्या. तेव्हापासून मी चिडवणं बंद केलं.

राजानंद अंत्यविधीला नव्हता; शूटिंग होतं. नंतर बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आला तेव्हा दुकानात चहा पिता पिता म्हणाला, "सर लई रडले का हो, मूलचंदशेठ?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो, आणि काय झालं ते माझ्याच चपला काढून करून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा करायला लावलं. मला वाटलं, दुःख झालं असेल.

यंदा मालिकेत त्याची बायको मेली. त्यानं चपला झटकल्या, सरळ मांडल्या. घरोघरी बायका रडल्या, त्याला बक्षीस मिळालं. आमच्या गावची पोरं एकमेकांच्या चपला झटकून मोबाईलवर टाकू लागली.

गावानं सत्कार ठेवला. शाल घालायला सरच. राजानंद माईकवर म्हणाला, "तो सीन माझ्या सरांचा. मी त्यांना तसं करताना या डोळ्यांनी पाह्यलं."

टाळ्या पडल्या. सरांच्या हातातली शाल तशीच राहिली. "तू कव्हा आल्ता रे?" ते हळूच म्हणाले, पण माईकनं ते गावभर केलं. राजानंद हसला, पाचही मामांचं मिळून एक हसू. सरांनी शाल घातली, नीट घातली. मग त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरत आली आणि दुसऱ्या रांगेत माझ्यावर थांबली.

सर स्टेजवरून उतरले. खाली त्यांच्या चपला होत्या. वाकले, तसे तीसेक मोबाईल वर झाले. सरांनी चपला काखेत मारल्या आणि अनवाणी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं तेव्हा सर दारात होते. हात बाईंच्या चपलांपर्यंत गेला आणि त्यांना समोर मी दिसलो.

"शेठ," ते म्हणाले, "त्याला बराबर करून दाखवलं होतं ना? का काही राह्यलं?"

सरांनी चपला उचलल्या आणि न झटकता आत नेल्या.