जावयाची भीड

वाघाच्या रानात पाहुण्यांना फिरवणारे वाटाडे तयार करणं हा माझा धंदा, असं सांगितलं की कलकत्त्यातली मराठी मंडळी हसायची. पोरांना बँकेत चिकटवायचं सोडून हा श्यामराव त्यांना चिखलात लोळवतो! लोळवायचोच. खिदिरपूरची एक शिकार कंपनी साहेबलोकांना सुंदरबनात न्यायची आणि त्यांच्यासाठी वाटाडे घडवायचं काम माझ्याकडे होतं.

त्रेपन्न सालच्या थंडीत माझ्या हाताखाली एकच उमेदवार उरला, तोही माझा जावई. गोदीतली कारकुनी सोडून विजयराव माझ्यामागे आले होते. माझी लेक लीला त्यापायी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी मात्र मनातून सुखावलो होतो आणि त्याचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी हातात नारळ. विजयराव पास झाले की कारभार त्यांच्यावर सोपवून मी तोऱ्यात घरी बसणार होतो. तोवर तोंड मिटून रेटायचं, असं मी ठरवलं होतं.

कलकत्त्याजवळच्या बजबज गावी, ओहोटीच्या वेळी नदीकाठच्या चिखलात मी त्यांना कुत्र्यांची पावलं वाचायला शिकवली. पाऊल सुकलेलं असेल तर जुनं. कड धारदार असेल आणि आत अजून पाणी झिरपत असेल, तर जनावर आत्ताच गेलंय. तिथूनच पाहुण्यांना मागे फिरवायचं. विजयरावांची नजर अशी की एक पाऊल सुटायचं नाही. घोडं भलतीकडेच अडायचं. मी हेकट पाहुणा व्हायचो, मुद्दाम चुकीच्या वाटेने निघायचो आणि त्यांनी मला अडवायचं, असा धडा होता. विजयराव मागून यायचे, खाकरायचे आणि गप्प राहायचे.

"अहो, अडवा मला! दंड धरून मागे ओढा!"

"तुम्हाला कसं अडवायचं, बाबा?"

"सासरा घरी. इथे मी पाहुणा आहे, तोही गाढव पाहुणा."

ते हसून मान खाली घालायचे. सासऱ्याची चूक दाखवायची म्हटलं की त्यांची जीभच उचलायची नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. असा जावई मिळाला म्हणून मी आमच्या भवानीपूर पेठेत मिरवत होतो.

माघात आम्ही सुंदरबनाच्या तोंडावरच्या कॅनिंगहून शेवटच्या फेरीला निघालो. मी, विजयराव आणि कासेम नावाडी. विजयरावांची परीक्षा गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी सुरू व्हायची होती. तिथपर्यंत नेहमीप्रमाणे मीच नेणार होतो. होडी काठाला लावून उतरलो. पुढे मी, मध्ये कासेम, शेवटी विजयराव. बंदूक माझ्या खांद्यावर होती आणि समोरचा चिखल मला सगळा एकसारखा राखाडी दिसत होता. थांबलो असतो तर बिंग फुटलं असतं. मी झपाझपा चालत राहिलो.

किंकाळी ऐकू आली नाही. मागे नुसती एक फांदी मोडली. वळलो तेव्हा पिवळं काहीतरी झुडपात शिरल्यासारखं वाटलं. मी बार काढला, कशावर ते मलाच ठाऊक नाही. विजयराव वाटेवर नव्हते. भरती चढेपर्यंत आम्ही हाका मारत फिरलो. मग कासेमने मला ओढत होडीत आणून बसवलं.

होडी पाण्यात लोटून तो वल्हवू लागला. मध्येच वल्हं थांबवून म्हणाला, "बाबू, त्या पावलावरून तुम्ही सरळ पुढे का गेलात?"

"कुठलं पाऊल?"

"त्यात पाणी झिरपत होतं. जमाईबाबूंनीच मला खुणेनं दाखवलं. मी म्हटलं, बाबूंना थांबवा. तर म्हणाले, बाबांना दिसलंच असणार. ते उगाच पुढे जायचे नाहीत."

मी तोंडात पंचा कोंबून रडलो. त्याच्यापुढे रडायची लाज वाटली आणि त्या लाजेचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भवानीपूरला पोहोचलो. लीलाला सांगितलं. तिने आधी माझं म्हणणं खरंच मानलं नाही, मग ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी शेजारच्या बायका उठून गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, वाघाचं पाऊल दिसलं नाही का हो त्यांना?"

वाटभर मी ठरवत आलो होतो की सगळं सांगायचं. डोळ्यांचं, कासेम बोलला त्याचं, सगळं. पण आता घरात हीच एक माझी उरली होती.

"नाही," मी म्हणालो. "दिसलं नाही."

लीलाने डोळे पुसले. तिचा आवाज एकदम कोरडा झाला.

"मग गोदी सोडून कशाला गेले होते मिरवायला? एवढंसुद्धा बघता येत नव्हतं त्यांना?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला त्यांच्यावर रागावू दिलं.