हुपरीकराचा मणी

सोनाराच्या दुकानातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. कानस मारताना उडालेला किस, पाटाखाली पडलेली कणी, कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा डब्यात आणि बादलीत साठवून ठेवतात. दर पंधरवड्याला क्रांती गुजरीत, सराफांच्या गल्लीत, येते, नऊ दुकानांचे डबे आपल्या घमेल्यात उलटे करते, ठरलेले पैसे देते आणि माती घरी आणून परातीत धुते. राख जाते, केस जातात, विडीची थोटकं वाहून जातात आणि शेवटी परातीच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ उरते. त्या रेघेवर तिचं, तिची सासू बयाबाईचं आणि साडेचार वर्षांच्या प्रेरणाचं घर चालतं. प्रेरणा सहा महिन्यांची होती तेव्हा तिचा बाप घाटात टेम्पो उलटून गेला. झारेकऱ्याची, म्हणजे सोनाराची माती धुणाऱ्याची, परात तेव्हापासून क्रांतीच्या हातात आली.

ह्या धंद्याचा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण नेम पक्का आहे. मातीत किस सापडला तर तो झारेकऱ्याचा. अख्खा नग सापडला, मग तो मणी असो की कडी, तर तो ज्याचा त्याला परत. आणि तोही चार माणसांदेखत, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की दोन पडले होते आणि एकच आला. आणखी एक गोष्ट गुजरीत पोरासोरांनाही ठाऊक असते: ज्याची माती श्रीमंत, त्याचा हात गळका. कारागीर कसा आहे ते सराफाच्या आधी झारेकऱ्याला कळतं.

नऊ दुकानांत सगळ्यात निकस माती शिवप्रसादची. तो मूळचा हुपरीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे पैंजण घडवलेले. हाच तेवढा उठून सोन्याचं काम शिकला आणि गुजरीत चहाच्या टपरीच्या वर, लाकडी जिना चढून, त्यानं खोली घेतली. तेहतीस वर्षांचा, चष्मेवाला, लग्न न झालेला. बोलायला कंजूष आणि सोनं सांडायला त्याहून कंजूष.

"त्या हुपरीकराच्या मातीत काय हाय गं?" बयाबाई दर खेपेला कुरकुरायची. "धुऊन धुऊन बोटाला सुरकुत्या पडल्या. सोड की ते दुकान."

"बघू, आत्याबाई," क्रांती म्हणायची. दोन वर्षं ती बघतच होती.

मग दिवाळीनंतरच्या एका खेपेला शिवप्रसादच्या मातीत बोरमाळेचा एक मणी निघाला. बोराएवढा, पोकळ, आत लाख भरलेला, लखलखीत. क्रांतीनं तो पदराच्या गाठीत बांधला, दुसऱ्या दिवशी जिन्याखाली उभी राहिली आणि नेमाप्रमाणं टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ हुपरीकर! तुमचा मणी गावलाय!"

"वर या की," वरून आवाज आला.

ती वर गेली. त्यानं मणी घेतला, चहा मागवला. डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर पिक्चर चालला होता. मोठ्या टोप्या घातलेले गोरे लोक नदीत गुडघाभर उभे राहून पराती हलवत होते आणि हिंदीत भांडत होते.

"हे काय करत्यात?" क्रांतीनं विचारलं.

"सोनं धुत्यात. तुमच्यावाणीच."

क्रांतीनं थोडा वेळ पाहिलं. "आसं हिसकं देत्यात व्हय? सगळं सोनं चाललं की पाण्यात! मनगट ढिलं सोडाय पायजे." आणि त्याच्या पाटाशेजारची पाण्याची थाळी उचलून तिनं मनगट कसं ढिलं सोडायचं ते दाखवलं. शिवप्रसादनं पिक्चर थांबवून ते पाहिलं. चहा निवून गेला तरी पाहिलं.

पुढच्या खेपेला पुन्हा मणी निघाला. त्याच्या पुढच्याही.

"हाताला भोकं पडल्यात का काय तुमच्या?" तिनं जिन्यावरूनच विचारलं. खाली टपरीवर हशा पिकला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," तो म्हणाला.

क्रांतीला खरंच काळजी वाटली. तिनं त्याला पाटाखाली कातडं बांधायला लावलं, खिडकीला जाळी मारायला लावली. दर वेळी चहा झाला, दर वेळी टोपीवाले थोडे पुढं सरकले. त्यांच्यातल्या एकाला गावातली बेकरीवाली आवडत होती, तीही नदीवर परात घेऊन यायची, पण त्याला सांगता येत नव्हतं. "तोंड हाय का काय त्याला?" क्रांती म्हणाली. शिवप्रसादनं पिक्चरचा आवाज वाढवला.

चौथा मणी परातीच्या कडेला वाळत ठेवला होता. क्रांती घागर भरायला वळली तेवढ्यात प्रेरणानं तो उचलून तोंडात घातला. क्रांतीनं घागर टाकली, पोरीच्या तोंडात बोट घातलं, पाठीवर दोन थापा मारल्या, आणि मणी बाहेर आला. प्रेरणा आधी रडली, मग आई रडतेय हे पाहून गप्प झाली आणि आईच्याच गालावरून हात फिरवत राहिली. मण्यावर दोन बारके खळगे पडले होते. दुधाच्या दातांचे.

"खळगं बुजवायचं म्हणाल तर पैसे देईन," क्रांती शिवप्रसादला म्हणाली.

त्यानं मणी उजेडात धरला. "ऱ्हाऊ दे. चांगला दिसतोय."

पंधरा दिवसांनी पाचवा मणी निघाला. क्रांतीनं तो धुतला, फडक्यानं पुसला, आणि हात तसाच थांबला. मण्यावर दोन खळगे होते. शेजारी शेजारी, एक जरा खोल.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. म्हणजे पाच मणी नव्हतेच. एकच मणी होता, तो पाच वेळा डब्यात टाकला होता, आणि चार वेळा तो घेऊन ती जिना चढली होती. आधी तिला हसू आलं. मग कान तापले. मग राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं, कारण रागाचं काय करायचं ते तिला माहीत होतं.

त्या दिवशी तिनं जिन्याखालून हाक मारली नाही. सरळ वर गेली. मोबाइल बंद होता. पाट रिकामा होता. शिवप्रसाद भर दुपारी हात मांडीवर ठेवून बसला होता.

"हे काय हाय?" तिनं मणी पुढं धरला.

त्यानं खळगे पाहिले आणि चष्मा काढला. "गावलं व्हय."

"पाच वेळा मला जिना चढाय लावला!"

"त्या पिक्चरमधला गडी बेकरीवालीच्या परातीत सोनं टाकतोय. तिला लगीच कळतं."

"तिला एक नदी हाय! मला नऊ दुकानं हायत, मला कसं कळंल!" एवढं बोलून तिचं लक्ष पाटाकडं गेलं. "आणि काम कुठाय? मलकापूरच्या लोकांच्या लग्नाचा साज घेतला होता न्हवं तुमी?"

"पेढीवाल्या गणपतआण्णांनी काल परत नेला."

"कशापायी?"

त्यानं चष्मा पुन्हा घातला. "हुपरीकराचा हात गळका झालाय म्हणून गुजरीत बोलत्यात. दर पंधरवड्याला मणी गळतोय. आख्ख्या टपरीनं ऐकलंय."

ऐकवलं होतं तिनंच. चार माणसांदेखत, नेमाप्रमाणं, छाती भरून. एकवीस पानांचा गळ्यातला साज, लग्नाचं काम. ते गेलं म्हणजे गुजरीत पुढचं कोण देणार? शिवप्रसादला हुपरीला परत जाऊन पैंजणाला घुंगरू जोडत बसावं लागलं असतं.

"मग सांगायचं की आण्णांना, मी मुद्दाम टाकतोय म्हणून!"

"तुमचं नाव घेऊन? भर पेढीत?" तो म्हणाला. "तुमाला पोरगी हाय. सासू हाय. न्हाय जमायचं."

क्रांती तशीच जिना उतरली.

गणपतराव सराफांच्या पेढीत मलकापूरचीच मंडळी बसली होती. नवरीची आई गादीवर, शेजारी नवरी राजनंदिनी, आणि दोन मावश्या. गणपतराव त्यांना दुसऱ्या कारागिराचं नाव सांगत होते. क्रांती चपला काढून दारातच उभी राहिली.

"आण्णा, साज हुपरीकराला परत द्या. त्याचा हात गळका न्हाय."

"तूच तर मणी गावला म्हणून बोंबलत हुतीस की गं पोरी."

"एकच मणी हाय त्यो. हे बघा, माझ्या पोरीचा दात उमटलाय." तिनं पुढं होऊन मणी काउंटरवर ठेवला. "त्यो मुद्दाम मातीत टाकतोय."

"मुद्दाम? सोनं? कशाला?"

क्रांतीनं चपलांकडं पाहिलं.

"मी वर यावं म्हणून."

नवरीच्या आईनं कानातलं हातातून खाली ठेवलं. "मग? गेलीस का?"

"गेलतो. पाच वेळा."

दोन्ही मावश्यांनी तोंडाला पदर लावला. पण गणपतराव जुने सराफ. त्यांना गोष्ट नको होती, पुरावा हवा होता. "मणी सोड. त्याच्या मातीत निघतंय किती? खरं सांग."

झारेकऱ्यानं एकाच्या मातीची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते. क्रांतीनं तरी सांगितलं. "काय सुद्धा न्हाय, आण्णा. दोन वर्षांत कधी निघालं न्हाय. आख्ख्या गुजरीत त्याच्याएवढी निकस माती कुणाची न्हाय. गेल्या खेपंला निस्ता कोळसा आणि विडीची राख. माझी सासू दर वेळी म्हणती, सोड ते दुकान."

गणपतरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. ज्याची माती निकस, त्याचा हात सोन्यासारखा. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण दुसरंही काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"मग असली माती," ते सावकाश म्हणाले, "तू दोन वर्षं पैसे मोजून कशाला उचलतीस?"

क्रांतीनं तोंड उघडलं. बयाबाईला ती "बघू" म्हणायची. इथं तेही चालण्यासारखं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि काउंटरवरचा मणी उचलला.

आता मावश्यांना पदर पुरेना. नवरी राजनंदिनी तर मोठ्यानंच हसली, आणि तिची आई म्हणाली, "आण्णा, साज त्यालाच द्या. फक्त एवढं सांगा, ह्यांचं लगीन आमच्यानंतर. न्हायतर आमचा कारागीर सुट्टीवर जायचा."

गुजरीतून घर दहा मिनिटांवर, पण बातमी तिच्या आधी पोचली होती. बयाबाई अंगणात चाळण घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. शेजारी प्रेरणा डब्याच्या झाकणात माती धूत होती. मनगट ढिलं सोडून, अगदी आईसारखी.

क्रांतीनं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. ह्या बाईचा मुलगा गेला होता. दुसऱ्या कुणाचं नाव ह्या अंगणात कसं काढायचं, ते तिला येत नव्हतं.

"मणी कुठाय?" बयाबाईनंच विचारलं.

"हाय माझ्याजवळ."

"आपला नेम काय हाय?"

"आख्खा नग ज्याचा त्याला."

"मग बसलीस कशाला? दिऊन ये." बयाबाईनं चाळण झटकली. डोळ्यांत माती गेल्यासारखा पदर लावला. "आणि त्याला म्हणावं, सांच्याला जेवाय ये. झुणका खातो का इचार. लिंगायत हायत ती, मटण नको करायला. माझी बोटं वाचली एकदाची. त्याच्या मातीतनं दोन वर्षांत एवढंच निघालं म्हणायचं." मग नातीकडं वळून म्हणाली, "हिला पण ने गं. दात हिचा हाय."

दोघी गुजरीत आल्या तेव्हा टपरीवर रोजची चार माणसं होती, आणि आज रोजच्यापेक्षा आणखी सहा. सगळे चहाकडं बघत होते, कुणीही चहा पीत नव्हतं. क्रांती जिन्याखाली उभी राहिली. मणी मुठीत होता. हाक मारायची होती, पण चार वेळा बिनदिक्कत फुटलेला आवाज आज काही केल्या फुटेना.

प्रेरणानं आईचा हात सोडला, कमरेवर हात ठेवले आणि मान वर करून ओरडली,

"ओ हुपरीकर! तुमचा मणी गावलाय!"

वरच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. शिवप्रसाद जिन्यावरून येताना चष्मा विसरला, त्यामुळं शेवटच्या दोन पायऱ्या त्याला दिसल्या नाहीत.