शर्वीचं बोरनहाण

शर्वीच्या बोरनहाणाला तिच्या डोक्यावरून बोरं, चिरमुरे आणि उसाचे करवे ओतले, त्यांच्याबरोबर तिचे सगळे शब्दही खाली पडले, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या ऋजुताच्या पोराने, अगस्त्यने, ते वेचून खाल्ले.

मी पाहिलं ना! ओतणारी मीच होते. शर्वी पाटावर बसली होती, अंगात काळं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. मी भांडं उपडं केलं तसं तिने वर बघून तोंड उघडलं आणि चिरमुऱ्यांच्या मधूनच शब्द घरंगळले. दिसायला चिरमुऱ्यासारखेच, पण जरा ओलसर. 'मम' अगदी हलका होता, पंख्याच्या वाऱ्याने सोफ्यापर्यंत गेला. 'नको' बोराच्या आठळीसारखा टणक, तो फरशीवर आपटून उडाला. सोसायटीतली पोरं तुटून पडली. बाकीच्यांनी गोळ्या आणि रेवड्या पळवल्या. अगस्त्यने गोळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो गुडघे टेकून एकेक शब्द चिमटीत धरत होता आणि तोंडात टाकत होता.

"अगं ऋजुता, काय खातोय बघ तो," मी म्हटलं.

"खाऊ दे गं. चिरमुरेच तर आहेत," ऋजुता म्हणाली आणि फोनवर त्याचे फोटो काढत बसली.

हॉलभर बायका. कोणाला हळदी-कुंकू लावायचं राहिलेलं, कोणाच्या हातात तिळगूळ द्यायचा. आणि बोरनहाणात जे खाली पडतं ते वेचेल त्या पोराचं, त्यात मागणं-बिगणं नसतं. आलेल्या पोराच्या तोंडात बोट घालून कोण काढणार? मी हसत राहिले. सगळ्या गेल्यावर सोफा सरकवला, गालिचा झटकला, कुंचा फिरवला. एक वाटाण्याएवढी रेवडी निघाली. शब्द एकही नाही.

शर्वी पाटावरच बसून होती. मी म्हटलं, "शर्वी, आई म्हण." तिने माझ्याकडे बघितलं आणि मुकुटातला हलवा तोडून चोखला.

तोवर ही पोरगी अखंड बोलायची, बरं का. सकाळी डोळे उघडायच्या आधी 'आऽई' सुरू. शेवटाला आवाज असा वर न्यायची, की जणू मी सापडले याचंच तिला आश्चर्य. आणि ऋजुताचा अगस्त्य तिच्याहून चार महिन्यांनी मोठा असून नुसता 'हं' करायचा. ऋजुता म्हणायची, "तुझी किती गोड बोलते गं!" आणि म्हणताना तिचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा व्हायचा. आता बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं आणि समोरच्या बंद दाराआडून माझ्या शर्वीचा आवाज आला.

"मम," आवाज म्हणाला. "मम दे."

आवाज तिचाच. 'दे'ला जरासं लाडात येणंही तिचंच. मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. मला हेवा वाटला. दुःख नाही, काळजी नाही, ते सगळं नंतर आलं. आधी आला तो हेवा.

दार उघडून ऋजुता बाहेर आली. तोंडावर नुसता आनंद ओसंडत होता.

"तेजल, ऐकलंस का? अगं, एका रात्रीत! आता थांबतच नाही."

"हो ना," मी म्हटलं. "आवाज ओळखीचा वाटतो."

"माझ्या आजोबांवर गेलाय म्हणतात," ती म्हणाली.

आजोबांवर! अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाव तरी काय ठेवलंय, अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी. त्याला माझ्या पोरीचे मूठभर शब्द म्हणजे घोटभर पाणी.

सासूबाईंना साताऱ्याला फोन लावला. त्या म्हणाल्या, "काही होत नाही. आमचा सुश्रुतसुद्धा उशिराच बोलायला लागला."

"आई, ती बोलत होती. बोलून थांबलीये."

"मग पुन्हा बोलेल. तू आपली उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी शर्वीचे कान तपासले, तिला ठोकळे दिले, बोट दाखवते का बघितलं.

"उशिरा बोलणं वेगळं आणि आलेलं बोलणं जाणं वेगळं," त्या म्हणाल्या. "आलेलं गेलं तर वाट बघत बसायचं नाही. लगेच आलात ते बरं केलंत. कुठे गेले शब्द?"

"समोरच्या फ्लॅटमध्ये."

"खाल्ले?"

"खाल्ले."

"मग तो मुलगा रोज बोलत असेल तर ते ताजे आहेत," त्या म्हणाल्या. "त्याचंही बोरनहाण घाला. रथसप्तमीपर्यंत घालतात ना? तिला वेचू द्या. रथसप्तमी उलटली की शब्द त्याच्या अंगी लागतात, मग निघत नाहीत."

त्यांनी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता तुम्ही म्हणाल, शब्दच गेले, नवे शिकव. पण शब्द गेला की ती वस्तूही जाते, हे मला आठवडाभरात कळलं. अगस्त्य गॅलरीतून 'चिऊ' म्हणाला आणि आमच्या कठड्यावर बसणाऱ्या चिमण्या उठून त्यांच्या कठड्यावर गेल्या. 'दूदू' म्हणाला आणि दूधवाला आमची पिशवी त्यांच्या दाराला अडकवायला लागला. विचारलं तर म्हणे, "ताई, तिकडून हाक आली." आमच्या नळाचं पाणी बारीक झालं. लाल चेंडू गेला. सगळ्यात वाईट म्हणजे 'नको' गेला. शर्वीला दुधी भोपळा मनापासून नकोसा. आता मी समोर धरेन ते ती खायची. दुधी, कडू औषध, काहीही. तोंड उघडायची, गिळायची, पुन्हा उघडायची. एकदा मी रिकामा चमचा धरला, तोही तिने गिळल्यासारखं केलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

तिकडे समोरच्या दारापलीकडून माझ्या पोरीच्या आवाजात ठणकावून "नको! नको!" चाललेलं. किती झोकात म्हणायचा मेला.

आणि मग तो 'बाबा' म्हणाला.

रविवार होता. सुश्रुत पेपर वाचत होता. समोरून हाक आली तशी त्याने पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि निघाला.

"कुठे निघालास?"

"हाक मारली ना त्याने."

"त्याचा बाबा आहे की घरात!"

"तो आहेच," सुश्रुत म्हणाला. "पण ही हाक माझी आहे. हाक आली की जावं लागतं गं."

"आणि तुझी मुलगी इथे बसलीये, तिचं काय?"

त्याने शर्वीकडे बघितलं. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोलू? मग म्हणाला, "ती कुठे हाक मारते?"

तेव्हापासून तो ऑफिसातून परस्पर तिकडेच जायला लागला. जेवायला यायचा, कधी जेवूनही यायचा. दार उघडं असलं की दिसायचं, आमचा सुश्रुत त्यांच्या सोफ्यावर, अगस्त्य त्याच्या पोटावर, आणि ऋजुताचा नवरा शेजारी खुर्चीवर अवघडून टीव्ही बघतोय. मी ऋजुताला काही बोलले नाही. काय बोलणार? माझं सगळं तुझ्या घरात येऊन पडलंय, असं कोणी सांगतं का?

पण एक शब्द मात्र तो म्हणत नव्हता. मी दाराला कान लावून ऐकायची, भाजी निवडता निवडता ऐकायची. मम, चिऊ, दूदू, भुर्र, बाबा, सगळं. 'आई' नाही. मला वाटलं, तो शब्द पडलाच नसेल, शर्वीच्याच पोटात असेल. मग वाटलं, नाही, त्याच्या गालात असेल. एक दिवस निघेल बाहेर. आणि निघाला की? सुश्रुतसारखी मीही पदराला हात पुसत चालायला लागेन. मग शर्वीकडे कोण?

एका दुपारी ऋजुता स्वतःहून आली. खुर्चीत बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"सगळं बोलतो गं. मला आई म्हणत नाही. दिवसभर बाबा, बाबा. तुझ्या सुश्रुतला बाबा, ह्यांना बाबा, वॉचमनला बाबा. मी काय दगड आहे?"

मला इतकं बरं वाटलं की मी तिला आलं घालून चहा केला. दोन चमचे साखर जास्तच घातली. शर्वीला मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले, आणि तिचं डोकं माझ्या छातीशी घट्ट धरलं. ऋजुता बघत राहिली.

"निदान ती तुला बिलगते तरी," ती म्हणाली. "तो माझ्या कडेवर थांबत नाही."

"बोरनहाण घाल त्याचं," मी म्हटलं. "रथसप्तमी परवावर आली. अडकलेला शब्द मोकळा होतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणतात."

डॉक्टर म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. हलव्याचे दागिने माझ्याचकडे होते, ते मीच नेऊन दिले. शर्वीच्या मापाचा मुकुट त्याच्या डोक्यावर बसला, तोही अगदी बेतशीर. तेसुद्धा मला सहन झालं नाही.

रथसप्तमीला संध्याकाळी मी शर्वीला घेऊन गेले. वाटेतच तिला समजावलं, खरं तर वाट म्हणजे दोन पायपुसणी. "हे बघ राणी, गोळ्यांना हात लावायचा नाही. ओलसर दिसेल ते उचलायचं, तोंडात टाकायचं. अगस्त्यला उचलू द्यायचं नाही. कळलं?" तिने मान हलवली. आता ती कशालाही मान हलवायची.

त्यांचा हॉल भरला होता. माझा नवरा पुढे बसला होता. चिमण्या पडद्याच्या दांडीवर बसल्या होत्या. कोपऱ्यात आमचा लाल चेंडू. अगस्त्य पाटावर बसला, काळा झब्बा, हलव्याचा हार. ऋजुताने भांडं उचललं.

"ओतू?"

"ओत," मी म्हटलं.

बोरं पडली, चिरमुरे पडले, करवे पडले. अगस्त्यने तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत शब्द निघाले. 'मम' निघाला, 'भुर्र' निघाला, 'नको' टणकन उडाला. पोरांनी उड्या घातल्या.

"वेच!" मी ओरडले. "शर्वी, वेच गं, वेच!"

शर्वी माझा हात सोडून खाली बसली. तिच्या पायाशीच 'दे' पडला होता. तिने तो उचलला, नीट बघितला आणि शेजारच्या मुलाच्या हातावर ठेवला. मग दुसरा उचलला, तोही देऊन टाकला. नको म्हणता येत नव्हतं ना तिला, जो हात पुढे करेल त्याला ती देत सुटली. मी सगळ्या बायकांच्या देखत गुडघ्यांवर बसले, पोरांचे हात बाजूला सारले, फरशीवर चाचपडायला लागले. कोणी हसलं, कोणी "अगंबाई!" म्हणालं. माझ्या मुठीत चिरमुरे आले, बोरं आली. शब्द पोरांच्या तोंडात विरघळत होते.

"तेजल, अगं हे काय?" ऋजुता म्हणाली.

"माझं आहे ते," मी म्हटलं. "माझ्या पोरीचं आहे."

तेवढ्यात सगळी पोरं थांबली. पाटावर अगस्त्यला ठसका लागला होता. ऋजुता भांडं टाकून त्याच्यापुढे वाकली, त्याची पाठ चोळायला लागली. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"आऽई," तो म्हणाला.

शेवटाला आवाज तसाच वर गेला. मी सापडले याचंच आश्चर्य. शर्वीच्या बोरनहाणापासून मी जो आवाज दाराला कान लावून शोधत होते, तो समोर हात पसरून बसला होता. ऋजुता वळली. तिचा चेहरा मी बघितला, आणि तरीही खरं सांगते, त्या क्षणी माझ्यात हेवा नावालाही उरला नव्हता. माझ्या मुठीतली बोरं सुटली.

"ओ," मी म्हटलं.

आणि उठून त्याला कडेवर घेतलं. त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली. फरशीवर बसलेल्या शर्वीने मान वळवून वर बघितलं, कोणाची आई आली ते.