वीणेचा पहारा

आमच्या विठ्ठलाच्या देवळात सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि प्रत्येक घराचा पहारा ठरलेला असतो. काल्याच्या कीर्तनाचा, म्हणजे शेवटचा पहारा आमच्या घराचा. आजोबांनी केला, बाबांनी केला. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले, म्हणून यंदा तो माझा होता. माझी आई सोयराबाई कितीतरी दिवस दुसरं काही बोलतच नव्हती. माझी नोकरी तिला कधी आवडली नाही. कन्नड मुलखातल्या मंडी मोहल्ल्यातले आम्ही मराठी शिंपी, सगळ्यांच्या हातात कात्री, आणि माझ्या हातात पाण्याच्या वॉल्वची चावी. कन्नडात आम्हांला नीरगंटी म्हणतात. पाणी आलं नाही की शिव्या आम्हांला, आलं की पुण्य कावेरीचं.

काल्याच्या दिवशी उजाडताच रंगनाथकाका दारात उभे. सप्ताहाचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

"निवृत्ती, देवळातल्या नळाला गटाराचा वास येतोय, कणो. आज सगळा समाज जेवणार. स्वल्प बघ की."

"काका, मी रजेवर आहे. ऑफिसात कळवा."

"ऑफिसवाले 'नाळे बा' म्हणतील. उद्या येऊन काय उपयोग? तू आपला माणूस, अल्वा?"

आपला माणूस म्हटलं की मी पाघळतो. आईने माझं धोतर धुऊन घडी घालून ठेवलं होतं. ते तसंच ठेवून मी खाकी चड्डी चढवली.

गल्लीच्या तोंडाचा वॉल्व बंद केला, आमचे दोन गडी बोलावले आणि खणायला लागलो. बिडाचा जुना पाइप गटाराच्या खालून गेलेला, आणि नेमका तिथेच सांधा सुटलेला. दाब कमी झाला की गटार आत शिरत होतं. कमरेपर्यंत घाणीत उभा राहून मी ती उपसली, सांधा कोरडा केला, ताग ठोकला, शिसं ओतलं. वर देवळात टाळ सुरू झाले होते. मला राग नव्हता तेव्हा. उलट वाटलं, बाबांच्या विठोबाचीच ही सेवा.

मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाइपाचं झाकण उघडलं आणि वॉल्व थोडाच फिरवून, घरांच्या नळांना चढणार नाही इतकं बेताचं पाणी पाइप धुऊन निघायला सोडलं. काळं पाणी बाहेर पडू लागलं. गड्यांना तिथे उभं करून मी धावत देवळाशी आलो.

पायरीवर रंगनाथकाकांनी हात आडवा केला. "असा वीणेला हात लावणार? आंघोळ करून ये."

"कुठे करू? सगळ्या गल्लीचं, आमच्या घराचंही पाणी मीच बंद केलंय. दोन बादल्या द्या."

आत कालचे भरलेले हंडे ओळीने ठेवले होते. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. "ते देवाचं आणि स्वयंपाकाचं. नळ सोड की मग."

"पाइपात अजून गटार आहे, काका. माझ्या आंघोळीसाठी सगळ्या गल्लीला तेच पाजू?"

"सुम्ने, उगाच आवाज चढवू नको. देवाचं दार आहे."

तोवर आधीच्या पहाऱ्याचे म्हातारे वीणा गळ्यात घेऊन उभे राहून थकून गेले होते. काकांनी आपल्या मुलाला, नागराजला, डोळ्यांनी खूण केली. नागराज पुढे झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि वीणा घेतली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! बायकांच्या बाजूला आई उभी राहिली होती. ती तशीच खाली बसली.

मी परत टोकाशी गेलो. चावी माझ्याच हातात होती; पूर्ण फिरवली असती तर समाजाच्या पंगतीत गटार आलं असतं. मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण पाणी नितळ होईपर्यंत थांबलो, मग टोकाचं झाकण बंद केलं आणि वॉल्व पूर्ण उघडून सगळ्यांना पाणी सोडलं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत आंघोळ केली आणि ओल्या कपड्यांनी देवळात गेलो. काला फुटला होता. पानं मांडली होती.

"आता झालास शुद्ध," रंगनाथकाका हसून म्हणाले. मनात काही ठेवून ते बोलले नव्हते, हेच मला जास्त लागलं. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "पुढच्या वर्षी घे वीणा. आयतु? आज पाणी वाढ. त्यात तुझा हात कोण धरणार?"

माणसं हसली. मी तांब्या घेतला. का घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. रांगेने वाढत गेलो. लोक पाणी पिऊन म्हणत होते, आता वास नाही, छान आहे. गरज सरो, वैद्य मरो.

आईच्या पानाशी आलो. तिने समोरचं फुलपात्र उचललं आणि पालथं घातलं.

"तुझ्या बाबांनी इथं कधी पाणी वाढलं नाही," ती म्हणाली. "ठेव तो तांब्या."

मी तांब्या जमिनीवर ठेवला. आई वाढलेल्या पानावरून उठली. कुणीतरी "अक्का, बसा की" म्हणालं, पण ती थांबली नाही. घरी येऊन आम्ही दोघं काही न खाता बसून राहिलो. धोतराची घडी तशीच होती. मोरीतला नळ मी सकाळी उघडाच टाकून गेलो होतो. त्याला पाणी येत होतं, स्वच्छ, भरपूर. आईने उठून तो बंद केला.