आत्याचा कॅमेरा

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आत्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. खेळाडूंच्या उड्या कॅमेऱ्यात पकडायच्या, पडद्यावर संथ करून बघायच्या आणि कुठला सांधा दगा देणार ते आधीच सांगायचं, हे तिचं काम. परगावचे खेळाडू तिच्या प्रयोगशाळेत ताटकळत बसत. सख्खा भाऊ मात्र तिला गुडघेज्योतिषी म्हणायचा.

भाऊ व्हॉलीबॉल संघाचा प्रशिक्षक, आणि त्याची लेक त्याच संघात. लहानपणापासून उड्या मारत फिरायची म्हणून घरात तिचं नाव टोळ. स्मॅश मारून खाली येताना ती सगळा भार डाव्या पायावर घ्यायची आणि तो गुडघा आत वळायचा. तो असाच वळत राहिला तर एक दिवस आतलं लिगामेंट तुटणार, हे आत्याला स्वच्छ दिसत होतं.

मग तिने टोळला प्रयोगशाळेत शिकवायला घेतलं. दोन्ही पाय एकदम टेकव, गुडघे आत येऊ देऊ नकोस, खुर्चीत बसतेस तशी खाली ये. पोरगी हुशार. लवकरच पडद्यावर गुडघा सरळ दिसायला लागला आणि आत्याने हरखून भावाला सांगितलं, "तुझी लेक पास!" इथंच ती फसली. टोळ शिकली होती ती कॅमेऱ्यासमोर उतरायला. कॅमेरा नसला की जित्याची खोड परत हजर.

अंतिम सामन्याआधी सराव बघताना हे आत्याच्या ध्यानात आलं आणि तिने धावत जाऊन भावाला गाठलं.

"दादा, आज तिला बसव."

"का? तूच पास केलंस ना?"

"चुकलं माझं. तो गुडघा बघ की जरा!"

"अगं, शिकवलेली बुद्धी आणि बांधलेली शिदोरी, किती पुरणार? आज खेळू दे. उद्यापासून ती तुझ्या ताब्यात."

टोळनेही हात जोडले. "आत्या, आज नको ना अडवूस."

दोघांपुढे हात टेकून आत्या प्रेक्षकांत जाऊन बसली. सवयीने तिने फोन काढून समोर धरला. टोळची नजर त्यावर गेली, आणि पुढच्या उडीला ती दोन्ही पायांवर अलगद उतरली. आत्याने फोन खाली घेतला. गुडघा आत. फोन वर. गुडघा सरळ.

मग काय, तिने फोन वर धरला तो धरलाच. हात भरून आला, तेव्हा दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला.

"ताई, जरा खाली घ्या ना," मागचा गृहस्थ वैतागला. "सगळा सामना त्यातच भरणार का?"

"हो," आत्या म्हणाली. "तुम्ही हवं तर उठून दुसरीकडे बसा." एवढं शास्त्र शिकून अखेर हात वर करून बसायची वेळ आली, याचं तिला रडू येत होतं. पण पोरगी नीट उतरत होती.

शेवटच्या गुणाला अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. आत्या मुळात बुटकी. ती चवड्यांवर उभी राहिली, बाकावर चढली, "बसा हो, खाली बसा!" म्हणून ओरडली. कोण ऐकतंय? तिला फक्त पाठी दिसत होत्या. बॉलवर पडलेला फटका ऐकू आला, मोठा जल्लोष झाला, आणि तो मध्येच विरला.

गर्दीतून वाट काढत ती मैदानावर पोचली. सामना जिंकला होता, पण नाचत कोणीच नव्हतं. दादा जमिनीवर बसला होता, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. त्याने बहिणीकडे बघितलं आणि मान खाली घातली. टोळने दोन्ही हातांनी डावा गुडघा घट्ट धरला होता.

"आत्या," ती हुंदके देत म्हणाली, "मी बघितलं गं. तू दिसलीच नाहीस."